छापलेलं आणि कापलेलं

ओक्का : हाच. दुसरा बघायचाच नाही मला. हब्बो, हा सोनेरी तोंडाचा बांधून दे.

आल्मुट : क्षमा करा, रेमर्सबाई, पण विकत मी घेते आहे.

ओक्का : आणि रेकॉर्डवरचा आवाज माझ्या आईचा आहे, डॉक्टरबाई. ऐकलंत ना आत्ता? मध. नुसता मध ओघळत होता.

आल्मुट : तीच माझी तक्रार आहे. त्याआधी हब्बो आयल्ट्स महाशयांनी याच यंत्रावर बंदरातल्या कोळ्यांचं समूहगान ऐकवलं. तेही मधच होतं. ज्या यंत्रातून वीस कोळी आणि आपली आई सारख्याच गोडीनं बाहेर पडतात, त्या यंत्राची साक्ष कोण मानील?

हब्बो : कोळ्यांना नावं ठेवू नका हां. माझा काका आहे त्यात. दुसऱ्या रांगेतला, जो अर्धा सूर खाली गातो तो.

ओक्का : तुझा काका गोड लागत होता?

हब्बो : लागत होता खरा.

ओक्का : मग मशीन खोटं बोलतंय.

हब्बो : अगं, खोटं बोलतं म्हणून तर खपतं! अठ्ठावन्न सालचा प्रीअँप आहे, रेकॉर्डचा आवाज मोठा करणारा, व्हॉल्व्ह जुन्या साठ्यातले, पुढची पट्टी मूळची. लोक हॅम्बुर्गहून गाडी काढून इथं लेअरला येतात असल्यासाठी. ही डावी घुंडी खर्जाची, ही उजवी वरच्या सुरांची. तुला हवी तशी आई करून घे.

आल्मुट : गुरुवारी मला हवी तशी आई चालणार नाही. सकाळी अकरा वाजता ग्यॉटिंगेनला संगीतकोशाचं संपादक मंडळ बसेल. मी सोडून सात पुरुष, चौदा कान, त्यांतले निदान पाच कर्णयंत्र लावलेले. नव्या आवृत्तीत 'रेमर्स, फोल्का. गायिका' या नोंदीतलं एक वाक्य ठेवायचं की काढायचं, हे ते ठरवतील. अध्यक्षांनी औदार्यानं म्हटलं आहे की तबकडी आणा, वाजवा, आमचे कान निवाडा करतील. वाजवल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असेल, घुंडी इथंच का? 'लेकीला गोड लागलं' हे उत्तर मी देणार नाही. नंतरची आवृत्ती चाळीस वर्षांनी. तेव्हा मी एकशे पाच वर्षांची असेन आणि बहुधा बैठकीला अनुपस्थित.

ओक्का : ते वाक्य मला पाठ आहे. 'वरच्या सुरांत कर्कश, खालच्या सुरांत पोकळ.' खंड सहावा, पान दोनशे अकरा, उजवा रकाना. आयुष्यात एकच रेकॉर्ड काढली तिनं, आणि तिच्यावर एकच वाक्य लिहिलं कुणीतरी.

हब्बो : चहा घ्या गं दोघी. डॉक्टरबाई, ढवळू नका! साय ढवळायची नसते.

आल्मुट : का?

हब्बो : का म्हणजे? आधी साय, मग कडू, मग तळाची खडीसाखर. ढवळलं की तिन्ही एकदम. मग आयुष्यात उरलं काय?

आल्मुट : आपल्याकडे आणखी काय आहे ते दाखवा.

हब्बो : हा इंग्लिश. खटका आहे, चार खुणांचा. जुन्या रेकॉर्डींची चार मापं. देखणा, शांत, लोण्यासारखा फिरतो.

आल्मुट : चारांत एम्सक्लांग कंपनीचं माप आहे?

हब्बो : एम्सक्लांगचं? इंग्रजांनी नावही ऐकलं नसेल. कारखाना इथून वीस मैलांवर होता, बुडून पन्नास वर्षं झाली.

आल्मुट : मग तो शांतपणे चूक करील. पुढे.

हब्बो : पुढे काही नाही.

आल्मुट : त्या फडक्याखाली काय आहे?

हब्बो : तो? तो रेडिओ केंद्रातून निघाला, भंगारात चालला होता. एकावेळी एकच कर्णा वाजवतो. रंग बघा, राखाडी, शाळेच्या संडासाचं दार. वजन अकरा किलो. आणि घरघरतो, आधीच सांगतो. व्हॉल्व्ह बदलले, जमिनीची तार बदलली, तरी घरघरतो. म्हातारा आहे, झोपेत घोरतो म्हणा.

आल्मुट : याला दोन खटके आहेत.

हब्बो : तेवढं मात्र आहे. खर्जाला वेगळा, तारसुरांना वेगळा, दोन्हीकडे सहा सहा खुणा. छत्तीस जोड्या. रेडिओवाल्यांकडे सगळ्या जगाच्या रेकॉर्डी यायच्या ना.

आल्मुट : हा.

ओक्का : हा? या संडासातून आईला बाहेर काढणार?

आल्मुट : हाच.

ओक्का : हब्बो, मला समजेल असं सांग. तू आणि मी एका बाकावर बसलोय शाळेत, तुला माझी अक्कल माहीत आहे. एवढे खटके कशाला लागतात? रेकॉर्डमध्ये आहे ते वाजवायचं, संपलं.

हब्बो : रेकॉर्डमध्ये आहे ते वाकडं आहे. मुद्दाम. हे बघ, रेकॉर्ड कापताना खर्ज दाबतात, नाहीतर खाच एवढी डुलते की शेजारच्या खाचेत घुसते. आणि वरचे सूर फुगवतात, नाहीतर ते खरखरीत बुडून जातात. म्हणजे आत जातं ते वाकडं. बाहेर काढताना उलटं करायचं. जेवढं फुगवलं तेवढं दाबायचं, जेवढं दाबलं तेवढं फुगवायचं. इंग्रज या मशीनला 'आधी मोठं करणारं' म्हणतात. आपल्याकडे नावच आहे, 'वाकडं सरळ करणारं'.

ओक्का : मग कर की सरळ.

हब्बो : किती वाकडं केलं होतं ते ठाऊक हवं ना! पंचावन्नच्या आसपास सगळ्यांनी मिळून एक माप ठरवलं. त्याआधी जितक्या कंपन्या तितकी मापं. गावागणिक वेगळा गज. आता तुझी ही रेकॉर्ड. पाकिटावर काय छापलंय?

ओक्का : 'एम्सक्लांग, एकोणीसशे अठ्ठावन्न. नव्या मापाने वाजवावी.'

हब्बो : आता रेकॉर्ड तिरकी धर, उजेडात. लेबलाच्या कडेला कोरी जागा आहे, तिथं कापणाऱ्यानं सुईनं काहीतरी खरडलंय.

ओक्का : पाच, एक... एक, एक.

हब्बो : एकावन्न, नोव्हेंबर. म्हणजे कापली एकावन्नला, जुन्या मापानं. गोदामात पडून राहिली. नवं माप आल्यावर एम्सक्लांगवाल्यांनी जुना माल नव्या पाकिटांत भरला आणि वर छापून टाकलं, नव्या मापानं वाजवा. छापलेलं एक, कापलेलं एक. नव्या मापानं लावलीस तर काय होईल? वर किंचाळणार, खाली भोक पडणार.

ओक्का : कर्कश. पोकळ.

हब्बो : अगदी तेच शब्द. गायिकेचा नाही गं तो, खटक्याचा आवाज आहे. मला एक कळत नाही, कोशात लिहिणारा तो गाढव होता कोण? आम्हाला उमेदवारीच्या पहिल्या आठवड्यात कान धरून शिकवलं होतं, पाकीट वाचू नका, कड वाचा.

आल्मुट : गाढव नव्हता. होती.

हब्बो : म्हणजे?

आल्मुट : नोंदीखाली नाव नाही, कारण साहाय्यकांची नावं छापत नसत. मी पंचवीस वर्षांची होते. नुकती डॉक्टरेट मिळाली होती आणि त्या वयात मनुष्य स्वतःच्या विशेषणांच्या प्रेमात असतो. विद्यापीठातल्या प्रीअँपला खटका होता, आयल्ट्स महाशय, हाताशी होता. मी पाकीट वाचलं, पाकिटानं सांगितलं तिथं खटका लावला, तबकडी दोनदा ऐकली आणि दोन शब्द लिहिले. एक वरच्या सुरांसाठी, एक खालच्या. मला ते वाक्य फार तोललेलं वाटलं होतं.

हब्बो : ओक्का... अगं, बस.

ओक्का : माझी रेकॉर्ड दे.

हब्बो : देतो. आधी बस तरी.

ओक्का : चार पत्रं लिहिलीत मला. चार! 'आपल्या मातोश्रींवरील अन्याय.' मी ती शेजारणीला वाचून दाखवली. कुणीतरी आलं म्हटलं, चाळीस वर्षांनी का होईना, कुणी शहाणं माणूस आलं. एकाही पत्रात हे लिहिलं नाहीत.

आल्मुट : लिहिलं असतं तर आपण तबकडी आणली नसतीत. विद्यापीठाची प्रत चिरली आहे आणि तिसरी कुठं असल्यास मला सापडलेली नाही. मी ठरवून लपवलं. ते योग्य होतं असं म्हणत नाही. ठरवून होतं, एवढंच म्हणते.

ओक्का : मी सुईण होते, बाई. एकोणचाळीस वर्षं. साडेचार हजार पोरांचं पहिलं रडणं ऐकलंय या कानांनी. कर्कश काय असतं ते मला पुस्तकातून सांगू नका. माझ्या आईनं पंच्याहत्तर साली एका संगीतशाळेत अर्ज केला, शिकवायला. मुलाखत घेणारा माणूस कोशाचं तेच पान उघडून बसला होता. म्हणाला, 'बाई, पोरांनी तुमच्याकडून कर्कश शिकायचं की पोकळ?' हसले सगळे. आई पण हसली, चारचौघांत बरं दिसावं म्हणून. त्यानंतर रविवारी चर्चमध्ये ती गाण्यांचं पुस्तक उघडं धरून उभी राहायची आणि नुसते ओठ हलवायची. मी शेजारी असायची. सव्वीस वर्षं. मरेपर्यंत.

आल्मुट : हे मला माहीत नव्हतं.

ओक्का : कोशात नसतं ते.

आल्मुट : नसतं.

ओक्का : आणि आता क्षमा मागणार असाल तर...

आल्मुट : मागणार नाही. क्षमा मागितली की ती द्यायची की नाही याचं ओझं पुन्हा आपल्याच डोक्यावर. मी चूक दुरुस्त करायला आले आहे. आपण माझा तिरस्कार केलात तरी ती दुरुस्त होऊ शकते. तबकडी घेऊन गेलात तर मात्र नाही.

ओक्का : चार दहाची बस आहे माझी.

हब्बो : ओक्का, दोन कप झालेत तुझे.

ओक्का : मग?

हब्बो : मग काय? माझ्या घरून दोन कपांवर कुणी उठलेलं नाही. माझ्या आईच्या वेळेपासून नाही. तिसरा घे आणि मग तिला शिव्या दे, मला दे, कुणाला हव्या त्याला दे. पण तिसरा घे.

ओक्का : तू ना, हब्बो, म्हशीसारखा आडवा बसतोस. ओत. अर्धा.

हब्बो : अर्धा कप म्हणजे अडीच. पुरा ओततो.

ओक्का : ऐका, बाई. तुमच्या पर्समधून मघापासून एक कागद डोकावतोय. काय आहे त्यावर?

आल्मुट : एम्सक्लांगच्या कापयंत्रावर काम करणाऱ्या तंत्रज्ञाचं पत्र. त्यात कंपनीचं माप दिलं आहे. या यंत्रावर बसवलं तर खर्ज दुसऱ्या खुणेवर, तारसूर चौथ्या खुणेवर. गुरुवारी अध्यक्ष विचारतील, तेव्हा हे पत्र मी त्यांच्यापुढे ठेवीन.

ओक्का : तो कागद आत ठेवा. पर्स बंद करा. हब्बो खटके फिरवील. तुम्ही आणि मी भिंतीकडे तोंड करून बसायचं. आई आली की मी हात वर करीन.

आल्मुट : आपल्याला आपल्या आईचा म्हातारपणचा आवाज आठवत असेल. ही तबकडी एकोणतीस वर्षांच्या स्त्रीची आहे.

ओक्का : त्या एकोणतीस वर्षांच्या बाईनं मला झोपवलंय. वळा तिकडं.

हब्बो : वळलात? मशीन तापलंय. हलू नका, ही फळी हलली तरी याला ऐकू येतं.

(सुई टेकते. घरघर, खरखर, मग पियानो, मग एका स्त्रीचा आवाज.)

हब्बो : हे नवं माप. पाकिटावरचं.

आल्मुट : ओळखते मी. हेच ऐकून लिहिलं.

ओक्का : पुढे जा.

हब्बो : खर्ज दुसऱ्या खुणेवर नेतो. तारसूर तिथंच.

ओक्का : पोट भरलं थोडं. तोंड तेच आहे. ही आई नाही, माझी मावशी आहे. भांडायला आलेली.

हब्बो : आता तारसूर चौथ्यावर.

आल्मुट : देवा...

ओक्का : बोलू नका.

आल्मुट : कर्कशपणा गेला. रेमर्सबाई, गेला तो! हीच कागदावरची खूण आहे. हात वर करा.

ओक्का : का करू? अजून आली नाही. दारात आहे. हब्बो, पुढे.

हब्बो : पाचवी.

हब्बो : ओक्का?

हब्बो : हात वर आहे तिचा, डॉक्टरबाई. तुम्हाला दिसत नसेल, भिंतीकडे बघताय.

आल्मुट : सहावी ऐकवा.

हब्बो : घ्या सहावी.

ओक्का : गोधडी पांघरून गातेय. मागे ये. पाचवी.

आल्मुट : पाचवी मान्य करता येणार नाही. समजून घ्या. चौथीसाठी माझ्याकडे लेखी पुरावा आहे. चौथीवर हा आवाज सुंदर आहे. मंडळ ते वाक्य काढून टाकील, मला तिळमात्र शंका नाही. पाचवीसाठी माझ्याकडे काय आहे? भिंतीकडे तोंड केलेल्या एका सुईणीचा हात.

ओक्का : सुंदर कुणाला हवंय? मघाशी मध नको म्हणालात तेव्हा मला जरा बऱ्या वाटलात तुम्ही. आता चौथी चालेल, कारण काम होतंय. ओळ संपली की ती श्वास घेते. तेवढंच ऐका, गाणं ऐकू नका. हब्बो, चौथीवर ने. हं... आत्ता. काय ऐकलंत?

आल्मुट : श्वास.

ओक्का : किटलीची वाफ होती ती. छाती कुठं होती त्याच्यात? आता पाचवी. थांबा... आत्ता.

हब्बो : बाई आहे. खोलीत बाई आहे. बायबलवर हात ठेवून सांगतो.

आल्मुट : पुन्हा. चौथी.

हब्बो : चौथी.

आल्मुट : पाचवी.

हब्बो : पाचवी. डॉक्टरबाई, त्या पत्रावर तारीख काय आहे?

आल्मुट : मार्च. एकोणीसशे त्रेपन्न.

हब्बो : आणि रेकॉर्ड?

आल्मुट : एकावन्न. नोव्हेंबर.

हब्बो : बावन्नच्या उन्हाळ्यात एम्सक्लांगनं कापयंत्र बदललं. माझा उस्ताद तेव्हा तिथं उमेदवार होता, जुनं यंत्र त्यानंच पायऱ्यांवरून खाली आणलं, पाठ धरली ती कायमची. तुमचं पत्र खरं आहे हो. नव्या यंत्राबद्दल खरं आहे.

आल्मुट : म्हणजे मी पुन्हा...

हब्बो : पुन्हा पाकीट वाचलंत.

आल्मुट : चाळीस वर्षं मी विद्यार्थ्यांना प्रमाणग्रंथांचा संशय घ्यायला शिकवते आहे. दोनशे पानांचं पुस्तक आहे माझं त्यावर. ते विश्वसनीय मानलं जातं.

ओक्का : इकडं वळा आता. भिंतीला काय सांगताय?

आल्मुट : आयल्ट्स महाशय, हा राखाडी मी घेते. पाचव्या खुणेवर लाल रंगाचा ठिपका लावून द्या.

हब्बो : घरघर आहे हां. सात प्राध्यापक नाकं मुरडतील.

आल्मुट : मुरडू देत. ज्यांना यंत्र घरघरतं एवढंच ऐकू येईल, त्यांना आणखी काही ऐकू येईल अशी माझी अपेक्षाही नाही.

हब्बो : आणि अर्धा तास आधी चालू करा. थंड असताना हा कुणाशीच धड बोलत नाही.

ओक्का : त्यांनी विचारलं, पाचवीच का, तर काय सांगाल? कागद तर गेला.

आल्मुट : सांगेन की या खुणेला कागद नाही. आधी चौथी वाजवीन, मग पाचवी, आणि श्वास कुठं आहे ते दाखवीन. मग ते जुनं वाक्य कोणी लिहिलं ते सांगेन. अध्यक्षांना ठाऊक नाही. ते समजतात की लिहिणारा केव्हाच वारला.

ओक्का : काढतील तुम्हाला मंडळातून.

आल्मुट : शक्य आहे. ते वाक्य माझ्याआधी निघायला हवं, इतकाच माझा आग्रह आहे.

ओक्का : रेकॉर्ड मी कुणाच्या हातात देत नाही.

आल्मुट : म्हणजे आपण नाही म्हणता.

ओक्का : म्हणजे मी येतेय, बाई. गाडी किती वाजता?

आल्मुट : पहाटे पाच वीस. आपली हरकत नसेल तर मी स्टेशनवर... मी फलाटावर असेन.

ओक्का : हरकत आहे. बरीच आहे. गाडीत बोलू नका माझ्याशी, एवढं पाळा.

आल्मुट : पाळीन. फक्त एक गोष्ट आत्ताच ठरवावी लागेल. नवी नोंद मला उद्या पाठवायची आहे. 'कर्कश' आणि 'पोकळ' काढले की तिथं जागा पडते. शब्द आपण सांगा. या वेळी मी सुचवणार नाही, नुसतं लिहून घेईन.

ओक्का : पेन खाली ठेवा.

आल्मुट : पण उद्या...

ओक्का : ठेवा खाली. अजून गातेय ती.